न सांगितलेलं क्लॉक

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एक्स-८६ (नेहमीच्या पीसी प्रोसेसरांच्या) विभागात सिरीयल पोर्टसाठी, म्हणजे एकामागून एक बिटा पाठवणाऱ्या जोडणीसाठी, एक छोटी हेडर फाइल आहे. तिच्यातलं टिपण सांगतं की तुमच्या यूआर्टला, म्हणजे त्या बिटा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या चिपला, १.८४३२ मेगाहर्ट्‌झचं क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेगानं ठोके देणारं घड्याळ, आहे, असं इथं गृहीत धरलंय. पुढे लिहिणाऱ्यानं एक इच्छाही नोंदवून ठेवली आहे. कुणी २४.५७६ मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकचं कार्ड काढलं तर किती बरं होईल, कारण १६५५०-ए ही चिप सेकंदाला १५ लाख बिटांपर्यंत जाऊ शकते, फक्त तिला तेवढं वेगवान क्लॉक मिळायला हवं. टिपणाखाली खरं काम करणारी ओळ आहे: १८४३२०० भागिले १६, कारण ही चिप एका बिटेसाठी १६ ठोके घेते.

मला ही फाइल मनापासून आवडते. आपण काय गृहीत धरतोय हे तिच्यात सरळ लिहून ठेवलंय, आणि उद्या ते गृहीत मोडेल याची जाणीवही तिथंच आहे. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या माणसाकडून मला एवढीच अपेक्षा असते, आणि ती फार क्वचित पुरी होते.

१.८४३२ मेगाहर्ट्‌झ हा आकडा १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सिरीयल कार्डावरच्या क्रिस्टलचा, म्हणजे ठोके देणाऱ्या स्फटिकाचा. मूळ पीसीच्या बोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचं क्रिस्टल होतं. ते अमेरिकन रंगीत टीव्हीच्या संकेताच्या चौपट असल्यामुळे स्वस्तात मिळायचं, पण त्याला भागून सिरीयलचे नेहमीचे वेग नीट निघत नाहीत. म्हणून सिरीयल कार्डाला स्वतःचं क्रिस्टल दिलं. १.८४३२ मेगाहर्ट्‌झला १६ नं भागलं की बरोबर १,१५,२०० येतात. १२ नं आणखी भागा, ९,६०० मिळतात. ९६ नं भागा, १,२००. शेष कुठेच राहत नाही. ज्यानं हे क्रिस्टल निवडलं त्यानं भागाकार आधी कागदावर करून पाहिला होता हे उघड आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. यूआर्ट चिपला स्वतःच्या क्लॉकचा वेग माहीत नसतो. तिच्या पायावर ठोके येतात, ती ते मोजते, आणि ड्रायव्हरनं सांगितलेल्या भाजकानं भागून बिटा बाहेर सोडते. सेकंदाला ठोके किती, हे सांगणारं रजिस्टर, म्हणजे चिपमधला नोंदीचा खण, मूळ पीसीच्या ८२५० या यूआर्टमध्ये नव्हतं, नंतरच्या १६५५० मध्येही नाही. ही माहिती ड्रायव्हरला बाहेरून मिळायला लागते. पहिली कितीतरी वर्षं ती कुणीच दिली नाही, कारण सगळ्यांकडे तेच क्रिस्टल होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही.

मग वेगळी कार्डं आली. औद्योगिक वापराच्या कार्डांवर १४.७४५६ मेगाहर्ट्‌झचं क्रिस्टल असायचं, म्हणजे मूळच्या आठपट. हा आकडाही विचार करून निवडलेला. त्यातून ९,२१,६०० पर्यंतचे वेग स्वच्छ निघतात. पुढे यूआर्ट प्रोसेसरच्याच चिपमध्ये जाऊन बसलं आणि तिथं त्याला जे क्लॉक शेजारी असेल ते मिळालं: २४ मेगाहर्ट्‌झ, ४८, कुठे ५०. चिपमधली रजिस्टरं मात्र तीच, ८२५० च्या घराण्यातली. ड्रायव्हरच्या दृष्टीनं सगळी सारखी दिसतात आणि ठोके मात्र निरनिराळे पडतात. जुन्या उपकरणांनी क्लॉक सांगितलेलं नाही, नव्यांना सांगावंच लागतं, आणि दोन्ही एकाच ड्रायव्हरनं चालवायची आहेत. माझ्या व्यवसायातल्या कितीतरी संध्याकाळी या एका वाक्यात गेल्या आहेत.

क्लॉक चुकलं तर नेमकं काय होतं, ते थोडं जवळून पाहू. सिरीयलमध्ये दोन टोकांना क्लॉकची वेगळी तार नसते. एक अक्षर म्हणजे दहा बिटा: सुरुवातीची एक, माहितीच्या आठ, शेवटची एक. घेणारं टोक सुरुवातीच्या बिटेची कड पकडतं आणि तिथून स्वतःच्या घड्याळानं मोजत प्रत्येक बिटेच्या मध्यावर डोकावतं. शेवटच्या बिटेचा मध्य येतो साडेनऊ बिटांवर. तोपर्यंत दोन्ही घड्याळांतला फरक साठत जातो. तो अर्ध्या बिटेच्या पलीकडे गेला की शेजारची बीट वाचली जाते. साडेनवात अर्धा, म्हणजे साधारण पाच टक्के, आणि हे दोन्ही टोकांचं मिळून. केबलची लांबी आणि आजूबाजूच्या मोटारींचा गोंगाट धरला तर प्रत्येक बाजूनं दोन टक्क्यांच्या आत राहावं.

या पाच टक्क्यांच्या मोकळिकीमुळे सिरीयल पोर्ट एवढा टिकला. पण चुकीचे आकडे वर्षानुवर्षं लपून राहतात तेही याच मोकळिकीत. दहा टक्के चुकलेला ड्रायव्हर पहिल्याच दिवशी पकडला जातो. अडीच टक्के चुकलेला चालून जातो, म्हणजे टेबलावर चालतो, छोट्या केबलवर चालतो, आणि कारखान्यात अधूनमधून दगा देतो.

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी हे पाहिलं आहे. जुनं सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारं) मशीन, आरएस-२३२ या सिरीयल जोडणीवरून प्रोग्रॅम चढवायचं. नव्या कॉम्प्युटरला सिरीयल पोर्टच नव्हता, म्हणून आत एक कार्ड बसवलेलं. छोटे प्रोग्रॅम जायचे. लांबलचक प्रोग्रॅम मध्येच तुटायचा आणि मशीन अलार्म देऊन थांबायचं. मालकांचं म्हणणं साधं होतं, "साहेब, मशीनला आम्ही हातसुद्धा लावलेला नाही. कॉम्प्युटर तेवढा बदलला." केबल बदलून झाली होती, अर्थिंग तपासून झालं होतं. ऑपरेटर दादांनी तर प्रोग्रॅमचे तुकडे करून चढवायची सवयच लावून घेतली होती.

अशा वेळी ऑसिलोस्कोप लावायचा आणि कॉम्प्युटरवरून इंग्रजी 'यू' हे अक्षर सतत सोडायचं. त्याच्या बिटा एकाआड एक शून्य-एक असतात, त्यामुळे पडद्यावर चौकोनी लाटांची सरळ रांग दिसते आणि एका बिटेची रुंदी थेट मोजता येते. ९,६०० वर ती १०४ मायक्रोसेकंद असायला हवी. इथं १०७-१०८ च्या आसपास भरत होती. कार्डावरचं क्लॉक ड्रायव्हरला वाटत होतं त्याहून हळू होतं. भाजक बरोबर काढला जात होता, पण चुकीच्या आकड्यावरून. जुन्या मशीनचं स्वतःचं घड्याळही उलट्या बाजूला थोडं सरकलेलं असणार. दोन्ही मिळून गाडी काठावर आली होती.

सेटसिरीयल या आज्ञेनं त्या एका पोर्टचा बॉड-बेस, म्हणजे क्लॉकला १६ नं भागून आलेला आकडा, बदलला आणि प्रोग्रॅम सलग जायला लागला. ड्रायव्हरमधला आकडाच बदलून टाकावा असा मोह तिथं कुणालाही होईल. पण तोच ड्रायव्हर, तीच ओळख सांगणारी दुसरी कार्डं दुसऱ्या कुठल्या कारखान्यात जुन्या आकड्यावर बिनबोभाट चालत असतील. आपल्याला समोरचं एक मशीन दिसतं. ड्रायव्हरला न दिसणारी हजारो असतात.

कर्नलच्या इतिहासात याच जातीची एक नोंद आहे. ऑक्सफर्ड सेमिकंडक्टरच्या पीसीआय एक्सप्रेस सिरीयल चिपांना ६२.५ मेगाहर्ट्‌झचं क्लॉक मिळतं. पीसीआय एक्सप्रेसच्या १०० मेगाहर्ट्‌झवरून ते बनवलेलं असतं. १६ नं भागलं तर ३९,०६,२५०. लिनक्समध्ये मात्र कितीतरी वर्षं ४०,००,००० हा गोल आकडा होता. फरक २.४ टक्के. १,१५,२०० मागितले तर ड्रायव्हर ४०,००,००० वरून ३५ हा भाजक काढायचा आणि चिप प्रत्यक्षात १,११,६०७ देत राहायची. हा वेग तीन टक्क्यांहून थोडा जास्तच चुकलेला, पण साडेनऊ बिटांवर हिशेब केला तर जेमतेम तीन दशांश बिटेचं सरकणं. म्हणून चाललं. २०२१ मध्ये आकडा दुरुस्त झाला. आता भाजक ३४ येतो आणि वेग १,१४,८९०, म्हणजे चूक पाव टक्क्याच्या जरा वर.

खरा आकडा कळल्यावर दुसरी अडचण उघडी पडली. ३९,०६,२५० मधून ४,६०,८०० हा वेग निघतच नाही. जवळचा भाजक ८, आणि मिळतात ४,८८,२८१. जवळपास सहा टक्क्यांची चूक, म्हणजे साडेनऊ बिटांवर अर्ध्या बिटेच्या पार पलीकडे. उपाय चिपमध्येच होता. ठोके १६ ऐवजी कमी घेता येतात, आणि आधी अपूर्णांकानंही भागता येतं. भाजक हा एकच आकडा होता, आता तीन आकडे लागणार होते.

इथं मागची सोबत, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमांशी आणि उपकरणांशी जुळून राहणं, कशी सांभाळायची, हा प्रश्न आला. त्याची मुळं फार जुनी आहेत. युनिक्सच्या टर्मिनल व्यवस्थेत प्रोग्रॅमला वेग मागायचा तर ठरलेल्या यादीतलाच मागता यायचा, आणि खूप जुन्या प्रोग्रॅमांची यादी ३८,४०० ला संपायची. मग लिनक्समध्ये एक युक्ती निघाली: प्रोग्रॅमनं ३८,४०० मागितले की त्याच्या मागे आपण सांगितलेला भाजक वापरायचा. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही आणि पोर्ट हव्या त्या वेगानं चालतो. ही सोय आज नकोशी मानली जाते, पण कुणाच्या तरी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये तो भाजक अजून लिहिलेला असेल. ऑक्सफर्डच्या चिपांसाठी तीन आकडे द्यायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं त्याच एका खणात तिन्ही बसवले. खालच्या १६ बिटांत पूर्वीसारखा भाजक, वरच्या बिटांत दोन नवे. वरच्या बिटा कोऱ्या असल्या तर नव्या दोन्ही आकड्यांसाठी चिपची ठरलेली मूळ मूल्यं धरायची.

हे वाचलं तेव्हा मला फार समाधान वाटलं. जुन्या वापरकर्त्यानं वरच्या बिटांत काहीच लिहिलेलं नाही, कारण त्याच्या काळी तिथं लिहिण्यासारखं काही नव्हतंच. त्याच्या त्या न लिहिण्याला एक पक्का अर्थ होता आणि नव्या ड्रायव्हरनं तो जपला. मागची सोबत सांभाळणं म्हणजे मला वाटतं मुख्यतः हेच काम आहे. लोकांनी जे लिहिलं ते सांभाळायला फारसं कौशल्य लागत नाही, ते समोर दिसत असतं. त्यांनी जे गृहीत धरून सोडून दिलं, ते ओळखून सांभाळायला लागतं.

याच्याही पुढचं उदाहरण आर्डुइनो या छोट्या बोर्डांमध्ये आहे. १६ मेगाहर्ट्‌झच्या एव्हीआर चिपवर ५७,६०० वेग दोन तऱ्हांनी काढता येतो. दुप्पट वेगाच्या पद्धतीनं ५७,१४३ मिळतात, चूक पाऊण टक्का. साध्या पद्धतीनं ५८,८२४, चूक दोन टक्क्यांच्या वर. आर्डुइनोची सिरीयल लायब्ररी एरवी दुप्पट वेगाची, म्हणजे अचूक पद्धत घेते. पण १६ मेगाहर्ट्‌झ आणि ५७,६०० ही जोडी आली की ती मुद्दाम जास्त चुकणारी साधी पद्धत निवडते. शेजारच्या टिपणात कारण दिलं आहे. डुएमिलानोव्हे आणि त्याआधीच्या बोर्डांचा बूटलोडर (सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्रॅम), तसंच ऊनो आणि मेगा या बोर्डांवरच्या यूएसबी चिपचं फर्मवेअर, यांच्याशी जुळायला हवं.

ती जुनी मंडळी स्वतःच दोन टक्के जलद आहेत. त्यांच्यासमोर आपण अचूक राहिलो तर फरक जवळजवळ तीन टक्क्यांवर जातो. त्यांच्याइतकेच जलद झालो तर तो शून्य होतो. भजनात सगळे टाळकरी थोडे जलद गेले तर अभंग चालतो. त्यांच्यात एकटाच मूळ लय धरून बसला तर त्याच्यामुळेच मोडतो. लाखो बोर्ड विकले गेले आहेत, त्यांतला बूटलोडर कुणी घरोघर जाऊन बदलणार नाही. म्हणून त्या एका 'जर'च्या ओळीला मी शहाणपण म्हणतो. आणि टिपण लिहून ठेवल्याबद्दल आभारही मानतो, कारण ते नसतं तर एखाद्या हुशार माणसानं 'ही चूक कशी राहिली' म्हणत ती ओळ कधीच पुसून टाकली असती.

काही क्लॉक तर जागीच स्थिर नसतात. रास्पबेरी पाय ३ हा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड २०१६ मध्ये आला आणि त्यावर ब्लूटूथ आलं. बोर्डावरचं चांगलं यूआर्ट ब्लूटूथला देऊन टाकलं आणि कन्सोलच्या, म्हणजे बोर्डाचे संदेश जिथं दिसतात त्या पोर्टच्या, वाट्याला मिनी यूआर्ट आलं. या मिनी यूआर्टचं क्लॉक म्हणजे चिपच्या ग्राफिक्स भागाचंच क्लॉक, आणि ते कामाच्या भारानुसार २५० मेगाहर्ट्‌झवरून ४०० वर उडी मारतं. भाजक २७० ठेवला असेल तर २५० मेगाहर्ट्‌झला १,१५,३१४ मिळतात, उत्तम. त्याच भाजकावर क्लॉक ४०० झालं की वेग १,८४,५०० च्या घरात जातो आणि पडद्यावर कचरा दिसू लागतो. आधीच्या पायवर जे प्रकल्प छान चालत होते ते नव्यावर तसेच्या तसे लावल्यावर असे बिघडले, आणि लोकांनी केबलींना दोष दिला. शेवटी फर्मवेअरनं एक सोय दिली. कॉन्फिग फाइलमध्ये यूआर्ट हवं असं सांगितलं की ते क्लॉक २५० वर बांधून ठेवायचं. बोर्डाचा वेग थोडा गेला, पण जुनी अपेक्षा टिकली. मला हा सौदा योग्य वाटतो.

आजकाल बोर्डाची माहिती डिव्हाइस ट्रीमध्ये असते. बोर्डावर काय कुठे आहे याचं हे वर्णन कर्नलपासून वेगळं ठेवलेलं असतं, आणि पुष्कळ उत्पादनांत ते फ्लॅशमध्ये एकदा लिहिलं की कुणी पुन्हा हात लावत नाही. कर्नल मात्र बदलत राहतो. म्हणून जुनं वर्णन नव्या कर्नलवर चाललंच पाहिजे असा दंडक आहे. आधीच्या वर्णनांत क्लॉक साध्या आकड्यानं दिलेलं असायचं, 'क्लॉक-फ्रीक्वेन्सी' या नावाखाली. पुढे २०१२ मध्ये, ३.४ आवृत्तीत, कर्नलमध्ये सामायिक क्लॉक व्यवस्था आली. आता वर्णनातून थेट क्लॉककडे बोट दाखवता येतं आणि ड्रायव्हर त्यालाच वेग विचारतो.

सिनॉप्सिस कंपनीच्या डिझाइनवेअर यूआर्टचा ड्रायव्हर याचा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. तो आधी जुना आकडा आहे का पाहतो. मग 'बॉड-क्लॉक' अशा नावाचं क्लॉक मागतो, पण ऐच्छिक म्हणून. नसलं तरी रागावत नाही. तेही नसेल तर बिननावाचं एखादं क्लॉक आहे का ते पाहतो, कारण मधल्या काळातल्या वर्णनांत एकच क्लॉक असायचं आणि त्याला नाव द्यायची गरज कुणाला वाटली नव्हती. बसचं (चिपच्या आतल्या माहितीच्या मार्गाचं) क्लॉक वेगळं असेल तर तेही घेतो, पुन्हा ऐच्छिक. या सगळ्यातून काहीच हाती लागलं नाही तर मात्र तो 'क्लॉकचा वेग दिलेला नाही' असं स्पष्ट सांगून थांबतो. मनानं १.८४३२ धरत नाही.

हे थांबणं मला महत्त्वाचं वाटतं. पीसीच्या जगात क्लॉक न सांगण्याचा एकच अर्थ होता, म्हणून तिथं गृहीत धरणं न्याय्य आहे. डिझाइनवेअरचं यूआर्ट पहिल्यापासूनच निरनिराळ्या चिपांत निरनिराळ्या क्लॉकवर बसवलं गेलं. तिथं न सांगण्याला कधीच एक अर्थ नव्हता. तिथं अंदाज बांधला असता तर काही बोर्ड चालले असते, काही दोन-तीन टक्के चुकत राहिले असते, आणि कुठल्या तरी शेडमध्ये कुणीतरी प्रोग्रॅमचे तुकडे करून चढवत बसलं असतं.

सामायिक क्लॉक व्यवस्थेनं एक नवा खड्डाही आणला. कर्नल सुरू होण्याच्या शेवटी शेवटी, ज्या क्लॉकवर कुणीच हक्क सांगितलेला नाही ती बंद केली जातात. वीज वाचते, हेतू चांगलाच आहे. पण जुन्या वर्णनात यूआर्टचा फक्त आकडा दिलेला, क्लॉककडे बोट दाखवलेलं नाही. कर्नलच्या लेखी ते क्लॉक बेवारस. तो ते बंद करतो आणि कन्सोल वाक्याच्या मध्येच गप्प होतो. बोर्ड आत व्यवस्थित चाललेला असतो, पिंग केलं तर उत्तरही देतो. बंद न करण्याची कर्नलची एक सूचना आहे, ती बूटच्या ओळीत दिली की कन्सोल परत येतो, आणि लगेच कळतं की दोष यूआर्टचा नव्हता. कायमचा उपाय म्हणून क्लॉकच्या ड्रायव्हरमध्ये त्या एका क्लॉकवर 'हे बंद करू नका' अशी खूण करावी लागते. बोर्डाचं वर्णन बदलूनही प्रश्न सुटतो, पण फक्त ज्यांना ते बदलता येतं त्यांच्यापुरता. फ्लॅशमध्ये जुनं वर्णन घेऊन कुठल्यातरी पंपहाउसमध्ये बसलेल्या कंट्रोलरला ती सोय नाही.

म्हणून क्लॉकशी संबंधित बदल तपासायला आला की मी सगळ्यात जुन्या बोर्डाचं, त्याच्याबरोबर विकलं गेलेलं मूळ वर्णन काढतो, त्यावर नवा कर्नल चढवतो, 'यू' सोडतो आणि बिटेची रुंदी मोजतो. मग नव्या वर्णनावर तेच. दोन्हीकडे आकडा जुळला तर पुढचं वाचायला घेतो. बदल करणाऱ्यांना माझी एक विनंतीही असते: पूर्वी क्लॉक न सांगणाऱ्या बोर्डाला आता काय मिळेल, हे बदलाच्या टिपणात एका वाक्यात लिहा. बहुतेक वेळा ते वाक्य लिहिताना त्यांचा त्यांनाच काहीतरी खटकतं आणि बदलाची सुधारलेली आवृत्ती मी मागायच्या आधीच येते.